शाळेतील परिचारिकेची परीक्षा कुठे घ्यावी?

परिचर्या महाविद्यालयातील अध्यापनातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील काही निवासी शाळांनी माझ्याकडे एक काम सोपवले आणि गेली सहा वर्षे मी ते करीत आले आहे. शाळेच्या सिकरूममध्ये नेमलेल्या परिचारिकेला आणीबाणीच्या वेळी मुलाला सांभाळता येते की नाही, हे तपासून शाळेला अभिप्राय द्यायचा, एवढेच ते काम. आयुष्यभर विद्यार्थिनींच्या परीक्षा घेतल्यामुळे मला त्यात अवघड काही दिसले नव्हते. पहिल्याच शाळेत ती समजूत मोडली, आणि ती कशी मोडली हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

त्या शाळेत मी चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका घेऊन गेले होते. तिथल्या सिस्टर जी.एन.एम. ही परिचर्येची पदविका घेतलेल्या, वयाने तिशीच्या आसपास, अक्षर सुरेख. त्यांना चाळीसपैकी सदतीस गुण मिळाले. मुलाचा श्वास थांबल्यास काय कराल, या पाच गुणांच्या प्रश्नाचे उत्तर तर इतके नेटके होते की मी त्याची प्रत जपून ठेवावी म्हणत होते. परतीच्या एसटीला अजून तासभर अवकाश होता, म्हणून मी सहज म्हणाले, "सिस्टर, समजा या खाटेवर आत्ता एक मूल निपचित पडले आहे. अंबू बॅग घेऊन या." हाताने दाबून कृत्रिम श्वास देण्याची ती पिशवी आणायला त्या कपाटाकडे गेल्या. कपाटाला कुलूप होते. किल्ली रेक्टर सरांकडे असे आणि सर बाजाराला गेले होते. एका मावशींनी धावत जाऊन सरांच्या खोलीतून दुसरी किल्ली शोधून आणली. बॅग सापडली, परंतु तिला मोठ्या माणसाचा मास्क जोडलेला होता आणि शाळा पाचवीपासूनच्या मुलांची होती. ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, पण त्याचा पाना जागेवर नव्हता. सगळे जमून पहिला श्वास देता येईल अशी स्थिती आली तेव्हा मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे झाली होती. रक्ताभिसरण थांबल्यावर चार ते सहा मिनिटांतच मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते, हे सिस्टरांनी अर्ध्या तासापूर्वीच मला लिहून दिले होते.

मी माझ्या अभिप्रायात ते अकरा मिनिटांचे प्रामाणिकपणे लिहिले. त्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगते.

जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकशिक्षकाने १९९० साली मांडलेली चार पायऱ्यांची कल्पना मी स्वतः वर्गात कित्येकदा शिकवली होती. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशा त्या चार पायऱ्या. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते. तिसऱ्या पायरीसाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे एक पद्धत घालून दिली, ती आज आपल्याकडच्या परिचर्या महाविद्यालयांतही रुळलेली आहे. वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळी कौशल्ये मांडायची, प्रत्येकाला सारखाच वेळ द्यायचा आणि परीक्षकाने समोरच्या यादीवर खुणा करायच्या. ही पद्धत न्याय्य आहे, तिने पक्षपात कमी होतो, आणि मी तिच्या बाजूने नेहमीच बोलत आले आहे. मात्र त्या टेबलावर सगळे साहित्य परीक्षकाने आधीच मांडून ठेवलेले असते. तिथे किल्ली हरवत नाही, मास्क चुकीचा नसतो, दारात चाळीस मुले रडत उभी नसतात. चौथी पायरी पाहायची असेल तर परीक्षा सिकरूममध्येच, तिथल्याच कपाटातील साहित्य वापरून आणि तिथल्याच माणसांना सोबत घेऊन घ्यावी लागते, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

आपल्याकडे शाळेतील परिचारिका ही व्यक्ती मुळात दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवे. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिचारिका नसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय यांची तरतूद आहे, परिचारिकेची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांचे पथक शाळेत वर्षातून एकदा येऊन तपासणी करते. त्याचा हेतू जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील उशीर लवकर ओळखण्याचा आहे आणि ते काम मोलाचे आहे. पण दुपारी मधल्या सुट्टीत कोणाला फेफरे आले तर ते पथक तिथे असणार नाही. म्हणून परिचारिका भेटते ती मुख्यतः मुले राहतात अशा शाळांत. सातारा जिल्ह्याला अशा शाळांची जुनी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. पाचगणीच्या निवासी शाळा तर त्याहूनही जुन्या. आईवडिलांपासून दूर राहणारी इतकी मुले जिथे आहेत, तिथे रात्री दोन वाजता त्यांच्याजवळ जाणारी पहिली जाणकार व्यक्ती बहुधा सिस्टरच असते.

आणि ती एकटी असते. रुग्णालयातील परिचारिकेचे कौशल्य आणि शाळेतील परिचारिकेचे कौशल्य यांत मला दिसलेला सर्वांत मोठा फरक हाच आहे. वॉर्डात हाक मारली की कोणीतरी येते; ऑर्डर डॉक्टर देतात, आपण ती पाळतो, आणि वर्षानुवर्षे हेच केल्यामुळे ऑर्डरची वाट पाहणे अंगवळणी पडते. अतिदक्षता विभागात पंधरा वर्षे काढलेल्या एका सिस्टरांना मी एका शाळेत तपासले. त्यांच्या हाताला सफाई होती, शिरेत सुई अचूक जाई, यंत्रे त्यांना तोंडपाठ होती. पण मी प्रसंग सांगितल्यावर त्या पहिली दोन मिनिटे फोन हातात धरून डॉक्टरांनी फोन उचलण्याची वाट पाहत राहिल्या. त्यांना दोष द्यावा असे मला आजही वाटत नाही, कारण त्यांना तसेच घडवले गेले होते, आणि घडवणाऱ्यांत मीही होते.

तो प्रसंग मी बहुतेक सर्व शाळांत वापरते, म्हणून सविस्तर सांगते. गडावर सहल गेली आहे, आग्या मोहोळ उठले, नऊ वर्षांच्या, पंचवीस किलो वजनाच्या मुलाला सात-आठ माशा चावल्या. मूल शाळेत आणले तेव्हा अंगावर गांधी उठल्या आहेत, ओठ सुजले आहेत, आवाज घोगरा झाला आहे, एकदा उलटी झाली आहे आणि ते म्हणते की चक्कर येते. ही केवळ अंगावर उठलेली पित्ताची गांध नाही, ही जीवघेणी अॅलर्जी आहे, आणि तिच्यावरचे पहिले औषध एकच आहे: अॅड्रेनालिन, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम हे प्रमाण. एक मिलीच्या अॅम्प्युलमध्ये एक मिलिग्रॅम असते, तेव्हा या मुलाला ०.२५ मिली. सुधारणा न दिसल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. मुलाला आडवे ठेवून पाय उंच करायचे, श्वासाला त्रास असेल तर बसते ठेवायचे, आणि बरे वाटते म्हणाले तरी एकदम उभे करायचे नाही.

माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक सिस्टरांचा हात या प्रसंगी आधी एव्हिल (अॅलर्जीवरचे औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो. खाज आणि गांधी त्याने कमी होतील, पण मिटत चाललेला घसा त्याने वेळेत मोकळा होत नाही आणि उतरलेला रक्तदाबही चढत नाही. असे का होते हे मी अनेकींना शांतपणे विचारले. उत्तर बहुतेक वेळा अज्ञानाचे नसते. "अॅड्रेनालिन दिले आणि मुलाला काही झाले तर माझ्यावर येईल, मॅडम," असे त्या म्हणतात, आणि त्यांचे खरे आहे. शाळेशी संलग्न डॉक्टरांनी लेखी स्थायी सूचना दिलेली नसेल, वजनानुसार मात्रा लिहून खाली सही केलेली नसेल, तर आपण त्या परिचारिकेला अशा कामात तपासतो आहोत की जे करण्याचा अधिकार तिला कोणी दिलेलाच नाही. म्हणून मी आता ही परीक्षा सुरू करण्यापूर्वी तो कागद मागते. कागद नसेल तर ते शाळेचे न्यून म्हणून नोंदवते, सिस्टरांचे नाही.

याच प्रसंगात आणखी एक बारीक गोष्ट उघडी पडते. ०.२५ मिली मोजायला एक मिलीची सिरिंज लागते. अनेक सिकरूममध्ये दोन आणि पाच मिलीच्याच सिरिंजा असतात. पाच मिलीच्या सिरिंजेत पाव मिली म्हणजे अंदाज. काही जणी हुशारीने इन्सुलिनची सिरिंज पुढे करतात, पण तिची सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूपर्यंत पोहोचत नाही, कातडीखालीच राहते. योग्य सिरिंज किरकोळ किमतीची असते. ती नाही हे कळायला मात्र कोणीतरी तिथे उभे राहून "आता भरा" असे म्हणावे लागते.

परीक्षेचे प्रसंग कुठून घ्यावेत, याबद्दलही माझे मत ठाम झाले आहे. सुरुवातीला मी परदेशी तपासणी-याद्या समोर ठेवल्या होत्या. त्यांत शेंगदाण्याची अॅलर्जी होती आणि आपोआप मात्रा देणारे पेन होते, जे आपल्या सिकरूममध्ये नसते. त्यांत विंचू नव्हता, मण्यार नव्हता, विहीर नव्हती. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी घाटाखालच्या रुग्णांवर काम करून ऐंशीच्या दशकात जगाला दाखवून दिले. मग घाटमाथ्यावरच्या शाळेतील सिस्टरांना दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय यांचा अर्थ कळतो की नाही, हे आपण तपासायला नको का?

मण्यारीचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्याचे दिवस, रात्रीचे दोन वाजले आहेत, सहावीतली मुलगी पोटात दुखते म्हणून सिकरूमचे दार वाजवते. ताप नाही. जखम नाही. तिच्या अंगावर कुठेही काही चावल्याची खूण दिसत नाही. एवढेच मी सांगते आणि थांबते. पुढची माहिती विचारली तरच मिळते. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो, दंश दुखत नाही आणि सूजही नसते. पुष्कळदा पहिली तक्रार पोटदुखीचीच असते. तेव्हा सिस्टर मुलीला विचारतात का की तू खाली झोपली होतीस की कॉटवर? तिच्या पापण्या जड झाल्या आहेत का, हे कंदिलाच्या नाही तर टॉर्चच्या उजेडात नीट पाहतात का? एका श्वासात आकडे मोजायला सांगून दहा मिनिटांनी ते पुन्हा मोजून घेतात का, म्हणजे श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत काय ते कळावे? गिळायला त्रास होतो का हे विचारतात, की पोटदुखीची गोळी देऊन सकाळी पाहू म्हणतात?

हा प्रसंग तपासायचा म्हणजे निर्णय तपासायचा. हातांचे काम त्यात सुरुवातीला फारसे नाही. साप पाहिलेला नाही, खूण नाही, आणि तरीही या मुलीला सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात आत्ताच न्यायला हवे, असे म्हणण्याचे धाडस एका परिचारिकेला मध्यरात्री एकटीने करायचे आहे. तिला रेक्टरांना उठवायचे आहे, गाडी काढायला लावायची आहे, आणि सकाळी ती पोटदुखी साधीच निघाली तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवायचा आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे हा मोठा आधार आहे, पण पाटण खोऱ्यातून कऱ्हाड गाठायचे किंवा पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला यायचे तर पावसात रस्ता आपला वेळ घेतोच. त्या वाटेत मुलीचा श्वास मंदावला तर अंबू बॅगने दर दोन-तीन सेकंदांना एक याप्रमाणे श्वास देत राहायचे आहे, कितीही वेळ लागला तरी. मण्यारीच्या विषाने लुळे पडलेले मूल बाहेरून मृतवत दिसते, पण श्वास पुरवत राहिल्यास ते परत येऊ शकते. हे वाक्य मी प्रत्येक सिस्टरांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घेते, कारण हात थांबण्याचा धोका तिथेच असतो.

फेफऱ्याच्या प्रसंगाबद्दल थोडक्यात. तिथे वैद्यकीय भाग लहान आहे: कुशीवर वळवणे, डोक्याखाली मऊ काही ठेवणे, तोंडात काहीही न घालणे, घड्याळ लावणे, आणि झटके पाच मिनिटांहून जास्त चालले तर औषध व रुग्णवाहिका. अवघड असतात ती भोवतालची माणसे. कांदा घेऊन धावणारे, चप्पल नाकाशी धरणारे, दातांत चमचा घालू पाहणारे लोक प्रेमापोटीच पुढे येतात, आणि त्यांत कधी मुख्याध्यापकही असतात. सेवेत कनिष्ठ, बहुधा कंत्राटी असलेली परिचारिका त्या क्षणी "सर, तुम्ही फाटकाशी थांबून रुग्णवाहिकेला रस्ता दाखवा" असे नम्रपणे पण ठामपणे सांगू शकते का, हे मी पाहते. माझ्या यादीत या वाक्याला वेगळी खूण आहे.

तपासणी करताना मी कमरेपर्यंतचा रबरी पुतळा, स्टॉपवॉच आणि एक वही एवढेच नेते. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून त्याला श्वास देताना, दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने पडतो का, मुलाच्या छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर खोल जातो का, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दिली जाते का, हे मोजता येते आणि मी मोजते. एकटी असताना तीस दाबांना दोन श्वास आणि जोडीला कोणी असल्यास पंधराला दोन, हा फरक जवळजवळ सर्वांना पाठ असतो, पण जोडीला येणार कोण? शाळेत दुसरी परिचारिका नसते. म्हणून मी सिस्टरांना सांगते की तुमची जोडीदार निवडा, आणि मग स्वयंपाकघरातल्या मावशी किंवा पी.टी.चे सर त्यांच्याबरोबर पुतळ्याजवळ गुडघे टेकून बसतात. एका शाळेतल्या मावशींचा दाब सिस्टरांपेक्षा अधिक अचूक पडला. मनगटात भाकरीच्या पिठाची सवय होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवसापासून त्या मावशी शाळेच्या आपत्कालीन गटात आहेत.

तपासणीपूर्वी मी प्रत्येकीला विचारते की आपल्याला हे कितपत जमेल असे वाटते, दहापैकी आकडा सांगा. तपासणीनंतर पुन्हा विचारते. या दोन आकड्यांचे नाते मला फार शिकवून गेले. ज्यांनी आधी नऊ सांगितले त्या सगळ्या चांगल्या निघाल्या असे नाही, आणि चार सांगणाऱ्या कित्येकींनी शांतपणे, क्रमाने, काही न विसरता काम केले. आत्मविश्वासाची प्रश्नावली भरून घेऊन तिलाच क्षमतेचे मोजमाप म्हणणारे अहवाल माझ्या वाचनात येतात. त्या प्रश्नावलीने परिचारिकेचे मन कळेल, तिचे हात कळणार नाहीत. हातांचा दुसरा गुण असा की ते विसरतात. सीपीआरच्या प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत छापलेली असते, पण सराव नसेल तर दाबाची खोली आणि गती काही महिन्यांतच बिघडू लागते. मी त्याच सिस्टरांना सहा महिन्यांनी पाहते तेव्हा हे डोळ्यांना दिसते. दोन वर्षांतून एकदा दिवसभराचे शिबिर घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी वीस मिनिटे पुतळ्याजवळ बसणे अधिक उपयोगाचे, असे मी प्रत्येक शाळेला लिहून देते.

आता त्या पहिल्या शाळेविषयी. माझा अभिप्राय मिळाल्यावर दोन महिन्यांनी त्या सिस्टरांचे कंत्राट पुढे चालू ठेवले गेले नाही. मला हे कळले ते पुढच्या वर्षी तिथे पुन्हा गेले तेव्हा. खुर्चीत नव्या सिस्टर होत्या, कपाट तेच होते, कुलूप तेच होते आणि किल्ली पूर्वीप्रमाणेच रेक्टर सरांकडे होती. मी आधीच्या सिस्टरांचा नंबर मिळवून त्यांना फोन केला. त्यांनी मला एकाही शब्दाने दुखावले नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, किल्ली माझ्याकडे असावी म्हणून मी तीनदा अर्ज दिला होता. मुलांच्या मास्कचीही मागणी केली होती. मागणीवहीत असेल." मी नव्या सिस्टरांकडून ती वही मागून घेतली. तीनही नोंदी त्याच सुरेख अक्षरात होत्या, तारखेसह, आणि समोरचा रकाना कोरा होता. पहिल्या भेटीत ती वही माझ्यापासून हातभर अंतरावर टेबलावर पडलेली होती. मी उघडली नव्हती.

मी शाळेच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले, प्रत्यक्ष भेटून बोलले, परंतु निर्णय बदलला नाही. त्या सिस्टर आता दुसरीकडे नोकरी करतात आणि बऱ्या आहेत. हे मनाला लागून राहिले आहे आणि राहावे असेच मला वाटते.

तेव्हापासून मी कोणत्याही शाळेला गुण देत नाही. दोन वेगळे कागद लिहिते. एक सिस्टरांसाठी असतो, तो फक्त त्यांच्या हाती जातो. त्यात काय चांगले झाले, कुठे वेळ गेला आणि पुढच्या तीन महिन्यांत कशाचा सराव करायचा हे असते. दुसरा शाळेसाठी असतो, त्यात परिचारिकेबद्दल एक ओळही नसते. कपाट, किल्ली, सिरिंजा, औषधांच्या मुदती, डॉक्टरांची स्थायी सूचना, रात्रीची गाडी, फाटकावरचा माणूस आणि मागणीवहीतील कोरे रकाने यांचाच त्यात हिशेब असतो. हे मान्य नसलेल्या दोन शाळांचे काम मी सोडले. एका संस्थाचालकांनी मला विचारले की मग आमची सिस्टर पास की नापास हे आम्हाला कळणार कसे. मी त्यांना म्हणाले की तुम्ही स्वतः पुढच्या सरावाला या आणि पुतळ्याजवळ गुडघे टेकून बसा, तुम्हाला दिसेल. ते आले, आणि तेव्हापासून दर सरावाला येतात.

तपासणी सुरू करण्यापूर्वी मी आता सिस्टरांजवळ बसते, चहा घेते आणि विचारते की तुम्ही काय काय मागितले आणि त्यातले काय अजून आले नाही. मग मागणीवही उघडते. पुतळा पिशवीतून बाहेर निघतो तो त्यानंतर.

येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तीन शाळांचे काम ठरले आहे. त्यांतील एक डोंगरातली मुलींची शाळा आहे, जिथे निम्म्या मुली अजून खाली सतरंजीवर झोपतात. तिथली तपासणी रात्री घ्यावी असे मीच सुचवले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ते मानले आहे. मुक्काम मुलींच्याच वसतिगृहात आहे. कॉट आणि मच्छरदाण्यांसाठी शाळेने केलेला अर्ज त्यांनी मला आधीच पाठवला आहे. त्याची प्रत मी वहीत पहिल्या पानावर चिकटवून ठेवली आहे.